लक्ष्मणराव किर्लोस्कर : वापरणाऱ्याच्या बाजूने विचार करणारे यंत्रकार





आपल्या पत्रिकेत एखाद्या थोर व्यक्तीचा जीवनपरिचय देण्याची प्रथा आहे. या वेळी आम्ही जे नाव निवडले आहे ते आपल्यापैकी प्रत्येकाने शेकडो वेळा वाचलेले असेल. इंदूरहून जवळच असलेल्या देवासला किर्लोस्कर ब्रदर्सचा पंपांचा कारखाना आहे. माळव्यातील कितीतरी विहिरींवर आणि ट्यूबवेलवर हे नाव दिसते. नाव परिचयाचे आहे, परंतु त्यामागचा माणूस मात्र मुलांना माहीत नसतो. अनेकांना किर्लोस्कर म्हटले की संगीत नाटकवाले अण्णासाहेब किर्लोस्कर आठवतात. तेही थोरच होते आणि दोघांचे गावही एकच होते. पण आज आम्ही सांगणार आहोत ते यंत्रे बनविणाऱ्या लक्ष्मणरावांविषयी.

हे नाव आत्ताच निवडण्यास एक कारण आहे. मागील काही वर्षांपासून दहावी-बारावीचे विद्यार्थी आणि त्यांचे आईवडील आमच्याकडे येऊन प्रॉडक्ट डिझाइन या क्षेत्राविषयी विचारतात. अहमदाबादला 1961 साली नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइन सुरू झाली. मुंबईच्या आय.आय.टी.मध्ये 1969 साली औद्योगिक अभिकल्पाचे केंद्र निघाले. आता तर 2019 पासून भोपाळलाही अशी राष्ट्रीय संस्था आहे. त्यामुळे मुले विचारतात हे स्वाभाविक आहे. पालकांचा प्रश्न बहुधा असा असतो की हे चित्रकलेचे क्षेत्र आहे की इंजिनीयरिंगचे? आम्ही सांगतो की दोन्हीचे आहे, आणि त्याहून अधिक ते माणसाला समजून घेण्याचे आहे. वस्तू कशी दिसते आणि कशी चालते, हे तर पाहावेच लागते. पण ती कोणाच्या हातात जाणार, त्या हाताला ती पेलेल का, मोडली तर तो माणूस काय करील, हे प्रश्न या क्षेत्रात सर्वांत आधी विचारले जातात. आज याचे अभ्यासक्रम आहेत, पदव्या आहेत. लक्ष्मणरावांच्या काळी यांतले काहीही नव्हते. तरी त्यांनी आयुष्यभर हेच काम केले. म्हणून व्याख्या सांगण्यापेक्षा त्यांचे जीवन सांगावे, असे आम्हांस वाटले.

त्यांच्या जीवनाकडे पाहताना आमच्या लक्षात एक गोष्ट आली. त्यांना चार मोठे नकार मिळाले. पहिले तीन नकार मिळाल्यावर त्यांनी वाट बदलली. चौथ्या नकाराला मात्र ते जागचे हलले नाहीत. असे का, हे समजले तर त्यांच्या यशाचे रहस्य समजते.

पहिला नकार : रंगांचा

लक्ष्मणरावांचा जन्म 20 जून 1869 रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर या गावी झाला. हा भाग आज कर्नाटकात आहे. वडील काशिनाथपंत वेदान्ताचे जाणकार होते. घरात विद्येचे वातावरण होते, पण ती विद्या ग्रंथांची होती. लक्ष्मणचे मन मात्र चित्रे काढण्यात आणि हाताने काही तरी घडविण्यात रमे. वडिलांना हे पसंत नव्हते. तरीही वयाच्या सोळाव्या वर्षी, 1885 साली, तो मुंबईला जाऊन जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाला. थोरले बंधू रामूअण्णा यांनी पैशांची मदत केली म्हणून हे शक्य झाले. पुढेही प्रत्येक अवघड वळणावर हे रामूअण्णा पाठीशी उभे राहिलेले दिसतात. घरात एक जरी मोठे माणूस मुलाची आवड ओळखणारे असले तरी काय होऊ शकते, याचे हे उदाहरण आहे.

दोन वर्षे गेली आणि एक कटू गोष्ट उघड झाली. लक्ष्मणला काही रंगांमधला फरक ओळखता येत नव्हता. यालाच आपण रंगांधळेपणा म्हणतो. हा काही आजार नव्हे, तो बहुधा जन्मतःच असतो आणि औषधाने जात नाही. चित्रकार होण्याचे स्वप्न घेऊन घराबाहेर पडलेल्या, वडिलांच्या इच्छेविरुद्ध गेलेल्या अठरा वर्षांच्या मुलाची त्या वेळी काय अवस्था झाली असेल, याची कल्पना आपण करू शकतो.

लक्ष्मणरावांनी रंग सोडले, पण रेषा सोडली नाही. त्यांनी यांत्रिक आरेखन, म्हणजे यंत्रांची मापबद्ध चित्रे काढण्याची विद्या शिकण्यास सुरुवात केली. या चित्रात रंगांची गरज नसते. एखादी वस्तू समोरून, वरून आणि बाजूने कशी दिसेल, तिचे प्रत्येक माप किती असेल, हे कागदावर इतके स्पष्ट उतरवायचे असते की कारागिराने ते पाहून वस्तू जशीच्या तशी बनवावी. चित्रकलेची आवड आणि हाताने घडविण्याची आवड या एका विद्येत एकत्र आल्या. पुढे मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते हाच विषय शिकवू लागले. ही संस्था 1887 साली निघाली आणि आज ती वीरमाता जिजाबाई यांच्या नावाने ओळखली जाते. म्हणजे लक्ष्मणराव आमच्याच पेशातले, शिक्षक होते, हे सांगताना आम्हांस थोडा अभिमान वाटतो.

सायकल विकताना शिकलेला धडा

शिक्षकाची नोकरी करीत असतानाच, 1888 साली, किर्लोस्कर बंधूंनी बेळगावात सायकलींचे दुकान सुरू केले. लक्ष्मणराव मुंबईत सायकली खरेदी करून बेळगावला पाठवीत आणि रामूअण्णा त्या विकत. त्या काळी एक सायकल सातशे ते हजार रुपयांना पडे. आज सायकल ही साधारण वस्तू आहे, पण तेव्हा ती मोठ्या श्रीमंतीची होती.

येथे एक बारीक गोष्ट पाहण्यासारखी आहे. ज्या गावात सायकल कोणी पाहिलेलीच नाही तेथे ती चालविता कोणाला येणार? घेणारा माणूस पैसे देऊ शकत होता, पण चारचौघांसमोर पडण्याची त्याला लाज वाटत असणार. किर्लोस्कर बंधूंनी सायकल शिकविण्याचे कामही हाती घेतले आणि त्यासाठी पंधरा रुपये शुल्क ठेवले. वरवर पाहता ही जास्तीची कमाई वाटते. परंतु विचार केला तर दिसते की वस्तू गिऱ्हाइकाच्या हाती दिली म्हणजे काम संपत नाही, त्याला ती वापरता आली पाहिजे, हे त्यांनी व्यवसायाच्या पहिल्याच पायरीवर ओळखले होते. आज मोबाइल किंवा वॉशिंग मशीन बनविणाऱ्या कंपन्या ती वस्तू प्रथमच हाताळणाऱ्या माणसाचा जो अभ्यास करतात, त्याचे बीज बेळगावच्या त्या दुकानात दिसते.

दुसरा नकार : बढतीचा

मुंबईच्या संस्थेत लक्ष्मणराव मन लावून शिकवीत. यंत्रशाळेतील यंत्रे उघडून पाहणे, बिघाड शोधणे, जोडणी करणे यांत त्यांचा हात बसला होता. बढतीची संधी आली तेव्हा ती आपल्याला मिळेल अशी त्यांची रास्त अपेक्षा होती. परंतु ती जागा एका अँग्लो-इंडियन उमेदवाराला देण्यात आली. पारतंत्र्याच्या त्या काळात असे अनेकांच्या वाट्याला येत असे. बहुतेक जण मान खाली घालून नोकरी करीत राहत, कारण नियमित पगार हा मोठा आधार होता. लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली आणि ते बेळगावला परतले. हा निर्णय घेणे सोपे नव्हते.

बेळगावात त्यांनी छोटा कारखाना थाटला. सुरुवातीला किरकोळ वस्तू केल्या, दुरुस्तीची कामे केली. मग त्यांचे लक्ष शेतीच्या अवजारांकडे वळले. आजूबाजूला शेतकरीच शेतकरी होते. देशातील बहुसंख्य लोक ज्या कामात रात्रंदिवस झिजत होते, त्या कामाची साधने शतकानुशतके तशीच राहिली होती.

त्यांच्या पहिल्या यंत्रांपैकी एक म्हणजे कडबा कापण्याचे यंत्र. शहरातील मुलांसाठी थोडे समजावून सांगतो. ज्वारीचे कणीस काढून घेतल्यावर जे वाळलेले धाट उरते त्याला कडबा म्हणतात. गुरांपुढे आखी पेंढी टाकली तर ती पाने खातात आणि जाड धाटे पायदळी तुडवून वाया घालवितात. तोच कडबा बारीक तुकडे करून घातला तर फारसे काही उरत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या वर्षांत दख्खनमध्ये लागोपाठ मोठे दुष्काळ पडले होते आणि चाऱ्याअभावी असंख्य गुरे दगावली होती. अशा मुलखात चाऱ्याची काडीही वाया न जाऊ देणारे यंत्र किती उपयोगी ठरत असेल, हे वेगळे सांगायला नको. त्यात भपका काही नव्हता. हाताने फिरविण्याचे चाक आणि त्याला लावलेली पाती, इतकेच. पण ज्याच्या गोठ्यात ते जायचे, त्याची खरी अडचण त्याने दूर होत होती.

तिसरा नकार : जागेचा

कारखान्याने जरा मूळ धरले तोच तिसरे संकट आले. बेळगावच्या नगरपालिकेने शहराच्या वाढीसाठी ती जागा रिकामी करण्यास सांगितले. भट्ट्या, यंत्रे, कामगारांची घरे-दारे, सर्व उचलून न्यायचे, पण कोठे?

अशा वेळी औंध संस्थानाचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी पुढे आले. बाळासाहेब स्वतः उत्तम चित्रकार होते आणि गुणी माणसांची त्यांना पारख होती. त्यांनी लक्ष्मणरावांना आपल्या संस्थानात हवी ती जागा पाहण्यास सांगितले आणि दहा हजार रुपये बिनव्याजी दिले. रेल्वेच्या कुंडल रोड स्टेशनजवळ 32 एकर माळरान मिळाले. जमीन ओसाड होती. चहूकडे निवडुंग माजलेले, त्यात नागांचा सुळसुळाट. लक्ष्मणराव, रामूअण्णा आणि सुमारे पंचवीस कामगार आपल्या बायका-मुलांसह तेथे येऊन राहिले. 10 मार्च 1910 हा किर्लोस्करवाडीचा स्थापना दिवस मानला जातो. आज ती वसाहत महाराष्ट्राच्या सांगली जिल्ह्यात आहे आणि रेल्वे स्टेशनालाही किर्लोस्करवाडी हेच नाव आहे. लक्ष्मणरावांचे पुत्र शंतनुराव यांनी पुढे आपल्या आत्मचरित्राला निवडुंग आणि गुलाब यांचे नाव दिले, त्याचे मूळ या माळावर आहे.

चौथा नकार : शेतकऱ्याचा

आता आम्ही मुख्य गोष्टीकडे येतो. ही गोष्ट बेळगावच्या दिवसांपासूनची आहे. लक्ष्मणरावांनी लोखंडी नांगर बनविला आणि तो विकण्यास निघाले, पण कोणी घेईना. एक-दोन महिने नव्हे, दोन वर्षे लागली पहिली विक्री होण्यास. शेतकऱ्यांची समजूत अशी होती की लोखंडामुळे जमिनीत विष भिनते आणि ती नापीक होते.

शाळेत ही गोष्ट सांगितली की मुले हसतात. शेतकरी अडाणी होते आणि लक्ष्मणराव हुशार होते, असा सोपा अर्थ ती काढतात. आमच्या मते हा अर्थ अपुरा आहे आणि तो बाजूला ठेवल्याशिवाय लक्ष्मणराव समजणार नाहीत. म्हणून थोडा वेळ आपण त्या शेतकऱ्याच्या जागी उभे राहू.

त्याच्याकडे लाकडी नांगर होता. तो गावच्या सुताराने बनविलेला, फाळ लोहाराने ठोकलेला. दोघेही बलुतेदार. मोडतोड झाली तर ते दुरुस्त करीत आणि सुगीच्या वेळी धान्याच्या रूपात आपला वाटा नेत. रोख पैसा लागत नसे. लोखंडी नांगराला रोख पैसा लागणार, आणि तो बहुधा सावकाराकडून आणावा लागणार. नांगर बिघडला तर गावचा सुतार काय करणार? शिवाय पेरणीपूर्वीचे दिवस मोजके असतात. त्या दिवसांत नांगर बंद पडला आणि पाऊस निघून गेला, तर वर्ष हातचे गेले. एका चुकीच्या प्रयोगाची किंमत त्याच्या पोराबाळांनी उपाशी राहून दिली असती. अशा माणसाने नव्या वस्तूला सहज हो म्हणावे, ही अपेक्षाच योग्य नाही. विष भिनते ही समजूत चुकीची होती हे खरे. पण त्या समजुतीच्या पोटी जी धास्ती होती ती चुकीची नव्हती.

आता नांगराकडे पाहू. लाकडी नांगर जमीन चिरतो. त्याच्यामागे खाच पडते, पण माती पालथी होत नाही. काळ्या जमिनीत हरळी, कुंदा यांसारखी चिवट तणे खोल मुळे धरतात. नुसते चिरून ती मरत नाहीत. खोल नांगरट करायची तर जड लाकडी नांगराला बैलांच्या अनेक जोड्या जुंपाव्या लागत, त्या लहान शेतकऱ्याकडे नसत. लोखंडी नांगराची खुबी त्याच्या वळणदार पात्यात आहे. फाळ जमीन कापतो आणि हे वाकडे पाते कापलेली मातीची ढेप उचलून उलटी करते. तणाची मुळे वर येऊन उन्हात वाळतात आणि खालची माती मोकळी होते. पात्याचे वळण बरोबर असेल तर बैलांना ओढ कमी पडते, चुकीचे असेल तर बैल थकून उभे राहतात. म्हणजे बैलांचे सुखदुःख कागदावरच्या त्या एका रेषेवर अवलंबून असते. येथे यांत्रिक आरेखनाच्या विद्येचा खरा कस लागतो.

दुसरी गोष्ट झिजण्याची. फाळ हा मातीत घासून झिजणारच. तो सर्व बाजूंनी सारखा झिजला तर बोथट होतो. यावर इंग्लंडमध्ये रॉबर्ट रॅन्सम यांनी 1803 साली एक युक्ती काढून तिचे पेटंट घेतले होते. वितळलेले बीड ओतताना फाळाची खालची बाजू एकदम थंड केली की ती अतिशय कठीण होते आणि वरची बाजू तुलनेने मऊ राहते. मग मऊ बाजू आधी झिजते आणि कठीण बाजूची धार आपोआप कायम राहते. नांगराचा साचा बनविणे एक वेळ सोपे, पण शेतात टिकणारा फाळ ओतणे हे अवघड काम असते. तरीही फाळ कधी तरी बदलावाच लागतो. त्यामुळे तो जवळपास मिळाला पाहिजे, योग्य किमतीत मिळाला पाहिजे आणि शेतकऱ्याला स्वतःच्या हाताने बदलता आला पाहिजे. हजारो मैलांवरून बोटीने येणारा विलायती नांगर येथे कमी पडे. मुलुखातच तयार होणारा, सुटे भाग मुलुखातच मिळणारा नांगर हे त्याचे उत्तर होते.

आता आमच्या मूळ प्रश्नाकडे वळू. रंगांनी नकार दिला तेव्हा लक्ष्मणरावांनी वाट बदलली. वरिष्ठांनी नकार दिला तेव्हा नोकरी सोडली. नगरपालिकेने नकार दिला तेव्हा गाव सोडले. मग शेतकऱ्याने दोन वर्षे नकार दिला तेव्हा त्यांनी नांगर का सोडला नाही? आमच्या समजुतीप्रमाणे याचे कारण असे. पहिल्या तीन नकारांत त्यांच्या करण्यासारखे काही नव्हते. डोळे बदलता येत नाहीत, राज्यकर्त्यांची नीती एका शिक्षकाला बदलता येत नाही, नगरपालिकेशी भांडून कारखाना चालत नाही. शेतकऱ्याचा नकार मात्र वेगळा होता. ज्याच्यासाठी वस्तू बनविली, त्याचाच तो नकार होता. त्यात माहिती होती. अजून काय कमी आहे, कशाची भीती आहे, कोठे विश्वास बसत नाही, हे त्या नकारातच लिहिलेले होते. लक्ष्मणरावांनी शेतकऱ्याला दोष देऊन धंदा बंद केला नाही. ते नांगर घेऊन शेतकऱ्यांकडे जात राहिले, समजावीत राहिले. हळूहळू काही जणांनी नांगर घेतले, शेजाऱ्यांनी त्यांची शेते पाहिली, आणि जे काम शब्दांनी झाले नव्हते ते पालथ्या पडलेल्या मातीने केले.

माळावरचे गाव

1914 साली पहिले महायुद्ध सुरू झाले आणि परदेशातून येणारी अवजारे जवळजवळ बंद झाली. किर्लोस्कर नांगरांना मागणी वाढली, पण ओतकामासाठी लोखंड मिळेना. अशा वेळी कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी संस्थानातील जुन्या निकामी तोफा दिल्या. त्या वितळवून नांगर करण्यात आले. ज्या धातूने कधी काळी माणसे मारली त्या धातूने पुढे जमीन पिकविली, हे चित्र प्रत्येक विद्यार्थ्याने मनात जपून ठेवावे असे आहे.

15 जानेवारी 1920 रोजी किर्लोस्कर ब्रदर्स ही लिमिटेड कंपनी झाली. उसाचे चरक, भुईमुगाच्या शेंगा फोडण्याची यंत्रे, पाण्याचे पंप अशी एकेक अवजारे वाडीत होऊ लागली. 1926 साली तेथे सेंट्रिफ्युगल पंप तयार झाला. तोवर विहिरीचे पाणी मोटेने काढावे लागे. तिलाच आपल्या माळव्यात चडस म्हणतात. एक माणूस आणि बैलजोडी दिवसभर उतारावर खाली-वर करीत असे. ज्यांच्या घरी आजी-आजोबा शेतीतले आहेत त्यांनी त्यांना हे काम कसे असे ते अवश्य विचारावे.

हे सर्व एकट्या लक्ष्मणरावांनी केले असे नाही. शंभूराव जांभेकर, के. के. कुलकर्णी, मंगेशराव रेगे, अनंतराव फळणीकर असे सहकारी त्यांना लाभले. कोणी यंत्रे सांभाळी, कोणी विक्री, कोणी हिशेब. शाळेतील गुणांच्या तराजूत यांतला प्रत्येक जण पहिला आला असता असे नाही. लक्ष्मणरावांना मात्र कोणाचा हात कशात चांगला चालतो हे बरोबर कळे. वस्तू वापरणाऱ्याकडे पाहण्याची जी दृष्टी होती, तीच माणसे निवडतानाही उपयोगी पडली.

किर्लोस्करवाडीत कामगारांसाठी घरे, शाळा, पाणी यांची सोय झाली. त्या काळात सर्वत्र पाळली जाणारी अस्पृश्यता वाडीत पाळायची नाही, असा दंडक त्यांनी घातला. शिक्षा भोगून आलेल्या माणसांवर विश्वास टाकून त्यांना रखवालीचे काम दिले. कारखान्यातील माणूस हा केवळ मजूर आहे असे त्यांनी मानले नाही.

आणखी एका गोष्टीचा उल्लेख आम्ही मुद्दाम करतो, कारण आपणही एक पत्रिका चालवितो. 1920 साली लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव यांनी किर्लोस्कर खबर नावाची छोटी पत्रिका सुरू केली. हेतू हा की कारखान्याची आणि यंत्रांची माहिती गिऱ्हाइकापर्यंत पोहोचावी. पुढे ती मराठीतील एक नामांकित मासिक झाली आणि 1930 साली तिच्या जोडीला स्त्री हे मासिकही निघाले. बृहन्महाराष्ट्रातील कितीतरी मराठी घरांत ही मासिके येत असत, हे ज्येष्ठ पालकांना आठवत असेल. नांगर विकणाऱ्यांनी वाचणाऱ्यांशीही नाते जोडले.

पुढच्या पिढीने काम वाढविले. शंतनुराव अमेरिकेत एम.आय.टी.मध्ये शिकून 1926 मध्ये परतले. 1941 साली हरिहर येथे, 1946 साली पुणे आणि बंगळूर येथे नवे कारखाने निघाले आणि लेथ, डिझेल इंजिने, विजेच्या मोटारी होऊ लागल्या. लक्ष्मणरावांनी हे सर्व पाहिले. 26 सप्टेंबर 1956 रोजी, वयाच्या 87 व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. 20 जून 1969 रोजी, त्यांच्या जन्मशताब्दीदिनी, भारत सरकारने त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले. ज्या वर्षी मुंबईच्या आय.आय.टी.त डिझाइनचे शिक्षण सुरू झाले, त्याच वर्षी या पदवी नसलेल्या डिझाइनकाराचा असा गौरव झाला, हा एक सुंदर योगायोग आहे.

आमचे सांगणे

आता थोडे आपल्याविषयी.

पालकांना आमची विनंती आहे की मुलाला एखाद्या विषयात नकार मिळाला, तर तो कोणत्या प्रकारचा नकार आहे ते आधी पाहावे. एखाद्या मुलाचे गणितात मन लागत नाही, एखादीचा प्रवेश थोडक्यात हुकतो. प्रत्येक वेळी पुन्हा तेच कर असे म्हणणे योग्य नाही आणि सर्व सोडून दे असे म्हणणेही योग्य नाही. रंगांधळ्या मुलाला रंगांचाच आग्रह धरला असता तर देशाने एक यंत्रकार गमावला असता. आणि नांगर दोन वर्षे पडून राहिला म्हणून रामूअण्णांनी हात आखडता घेतला असता, तरी तेच झाले असते.

विश्वस्त मंडळींना आणि आम्हां शिक्षकांनाही यात बोध आहे. शिकवणे हीसुद्धा एक वस्तू आहे आणि ती वापरणारा विद्यार्थी आहे. वर्गातील मुलाला समजले नाही, तर तो मंद आहे असे म्हणून पुढे जाणे सर्वांत सोपे असते. शेतकरी अडाणी आहे असे म्हणण्यासारखेच ते आहे. न समजण्यातही माहिती असते. ती वाचता आली तर धडा बदलता येतो.

आणि विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यासाठी या सुट्टीचे एक काम. घरातील एखादी रोजची वस्तू निवडा. कुकर, पाण्याचा हंडा, शिलाई मशीन, दप्तर, आजोबांच्या औषधाची बाटली, काहीही चालेल. ती वस्तू जो माणूस सर्वांत जास्त वापरतो त्याच्याजवळ अर्धा तास शांत बसा. त्याला सल्ला देऊ नका, फक्त पाहा. हात कोठे अडखळतो, कोठे दुखतो, कोणते काम तो दोनदा करतो, कोठे कापड गुंडाळून किंवा सुतळी बांधून त्याने स्वतःच तोड काढली आहे, ते वहीत लिहा. मग त्या वस्तूचे चित्र काढा, मापांसह. रंग भरण्याची गरज नाही. त्यात एकच बदल सुचवा आणि तो त्याच माणसाला दाखवा. त्याने नको म्हटले तर रागावू नका. का नको, ते विचारा आणि पुन्हा चित्र काढा.

शाळा उघडल्यावर या वह्या आम्ही स्वतः पाहू. ज्या वहीत जास्तीत जास्त वेळा नको लिहिलेले असेल आणि तरीही पुढचे चित्र काढलेले असेल, ती आम्हांस सर्वांत आधी पाहावीशी वाटेल.

आपला शुभचिंतक,
प्राचार्य